थंडरबर्ड (ईमेल प्रोग्रॅम) रोज ‘फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का?’ विचारतो, काय करावे?

नौपाड्यातल्या ऑफिसच्या पीसीवर रोज ‘हो’ म्हणूनही दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न येतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कॉम्पॅक्ट बहुधा अर्धवटच राहतंय.

डिलीट केलेला मेल फाइलमधून लगेच जात नाही, त्यावर फक्त खूण होते. जागा मोकळी होते ती कॉम्पॅक्ट केल्यावर, आणि त्यासाठी फोल्डरची नवी प्रत लिहिली जाते. त्यामुळे इनबॉक्स ८ जीबीचा असेल तर डिस्कवर निदान तेवढी जागा रिकामी हवी. ती आधी बघा. अँटिव्हायरस प्रोफाइलच्या (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरच्या) फाइल धरून ठेवत असेल तरीही काम अडतं; प्रोफाइल फोल्डर स्कॅनमधून वगळा.

पण कशालाही हात लावण्याआधी थंडरबर्ड बंद करून पूर्ण प्रोफाइलची कॉपी घ्या. खातं पॉपचं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल तर क्लायंटची बिलं कदाचित फक्त याच मशीनवर असतील, म्हणून हे टाळू नकाच.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. ट्रॅश आणि जंक रिकामे करून फाइल मेनूतून कॉम्पॅक्ट फोल्डर्स चालवा, आणि संपेपर्यंत प्रोग्रॅम बंद करू नका. ते नीट पार पडलं की सेटिंग्जमध्ये डिस्क स्पेसखाली, किती एमबी जागा वाचणार असेल तेव्हा कॉम्पॅक्ट करायचं ती मर्यादा वाढवा.