गावात प्रश्न विचारून काय मिळतं?

शाळेत, साहित्यात आणि गावात सतत प्रश्न विचारून काही फायदा होतो का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या अमरावतीकडे वर्गात हात वर केला की 'लय शायना झाला का बे?' ऐकावं लागतं, म्हणून शंका रास्तच आहे.

पण याच जिल्ह्यातलं रिद्धपूर पाहा. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या पश्चात त्यांचे अनुयायी म्हाइंभट हे नागदेवाचार्यांना आणि इतर शिष्यांना, कोणी काय पाहिलं, काय ऐकलं, हे विचारत राहिले. त्यातून १२७८ च्या सुमारास तिथेच स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, 'लीळाचरित्र', उभा राहिला. त्यातली त्यांची शिष्या महदाइसा तर स्वामींना सारखं काहीतरी पुसतच असते, आणि स्वामी तिला गप्प करत नाहीत, जिज्ञासू म्हणतात. तेराव्या शतकात, एका बाईला! आजच्या कित्येक वर्गांपेक्षा मला हे पुढचं वाटतं.

गाडगेबाबांचं कीर्तनही प्रश्नांवरच चालायचं. बाबा वऱ्हाडीत विचारत, समोरचे लोक उत्तर देत, आणि देता देताच नवसाचं बकरं, कर्ज काढून केलेला सण यांतला पोकळपणा त्यांचा त्यांनाच दिसायचा.

ग्रामपंचायतीत मात्र नुसतं विचारून भागत नाही. ग्रामसभेतला प्रश्न कार्यवृत्तात लिहून घ्यायला लावा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस. 'रस्त्याचं काय झालं' असं मोघम विचारू नका, त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा.