पावसाळ्यात समईची वात तडतडते, काळी पडते आणि विझते. कुठल्या कापसाची वात घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून गोव्यात पर्वरीला राहायला आलात, आईची पितळी समई सोबत आणलीत आणि जूनपासून तिची वात धड जळत नाही. आधी तडतडते, मग टोक काळं पडतं, वीसेक मिनिटांत विझते, भिंतीवर काजळीही धरते. तीन दुकानांतल्या वाती झाल्या, आता औषधाच्या दुकानातला कापूस आणू का, असं विचारलंय.

नवा कापूस इतक्यात आणू नका. आहेत त्याच वाती आधी खडखडीत वाळवून बघा. माझं सासर फोंडा तालुक्यातलं, घरात नंदादीप आहे आणि गेली अठरा वर्षं त्याची वात मीच बघते. पावसाळ्यात वात बिघडली की मी सगळ्यात आधी ओल शोधते. बहुतेक वेळा तीच सापडते.

कापूस हवेतलं पाणी ओढतो. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते, तेव्हा हाताला कोरडा लागणारा कापूसही आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी धरून बसलेला असतो. ज्योतीच्या जवळ ते पाणी उकळतं, तेलाचे थेंब उडवतं, आणि तीच तुमची तडतड. पुण्यात कपाटातली वात काढून थेट लावली तरी चालत होतं, इथे चालत नाही.

माझी पद्धत अशी. स्वयंपाक झाला की गरम तवा गॅसवरून उतरवायचा, त्यावर ताटली ठेवायची आणि ताटलीत वाती पसरायच्या. पंधरा मिनिटांत त्या हलक्या होतात, बोटांत धरल्या की किंचित कुरकुरीत लागतात. मग लगेच काचेच्या बरणीत घालायच्या आणि वरून बुडेपर्यंत खोबरेल ओतायचं. एकदा तंतूंमध्ये तेल शिरलं की हवेतली ओल सहजासहजी आत जात नाही. गणपतीच्या आधी मी अशी बरणी भरून ठेवते, ती दसऱ्यापर्यंत पुरते.

दुसरी ओल समईतच असते, आणि ती दिसत नाही. आमच्याकडे पितळ बिंबलांनी, म्हणजे एका आंबट फळाने घासतात, झकास निघतं, पण धुतल्यावर समईच्या तबकात खाचेत पाणी राहतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जाऊन बसतं, आणि वातीचं शेपूट नेमकं तिथेच टेकलेलं असतं. एका चतुर्थीला आमच्या समईच्या पाचही वाती आरतीच्या मध्येच फडफडायला लागल्या. मी वाती बदलल्या, तेल वाढवलं, काही फरक पडेना. शेवटी तेल वाटीत काढून उजेडात धरलं तर तळाशी वाटाण्याएवढे पाण्याचे गोळे फिरत होते. तेव्हापासून घासलेली समई कपड्याने पुसून झाली की तासभर उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली उलटी ठेवते. घाण्यावरून आणलेलं ताजं तेल असेल तर त्यातही थोडी ओल आणि गाळ असतो. चार-पाच दिवस हलवायचं नाही, मग वरचं निवळ तेवढं दिव्यासाठी घ्यायचं.

वाळवूनही वात काळी पडत असेल तर पीळ बघा. वात स्वतः जळण्यासाठी नसते, तेल वर चढवण्यासाठी असते. तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. तेल सतत येत असेल तोवर टोक फार तापत नाही. तेल कमी पडलं की ज्योत कापूस खायला लागते, टोकावर गुल, म्हणजे जळक्या कापसाची काळी गाठ धरते, गुलामुळे तेलाची वाट आणखी बंद होते. बाजारच्या यंत्रावरच्या वाती दिसायला सुबक, पण पुष्कळदा इतक्या घट्ट वळलेल्या असतात की तेल चढायला फटच उरत नाही. याची परीक्षा सोपी आहे. कोरडी वात वाटीच्या काठावर ठेवा, शेपूट तेलात, टोक बाहेर, आणि पेटवू नका. चार-पाच मिनिटांत टोक ओलं आणि जरा पारदर्शक दिसलं तर वात चांगली. दहा मिनिटांनी टोक पांढरंच असेल तर ती कितीही वेळा पेटवा, विझणारच. तशा वातीचा पीळ चिमटीत धरून उलटा फिरवायचा आणि अर्धा सोडायचा. पुष्कळ वाती एवढ्यावरच सुधारतात.

पण फार सैल वातही नको. तिच्यातून तेल भसाभस येतं, ज्योत मोठी होते, तेवढ्या वाफेला हवा पुरत नाही आणि भिंत काळी होते. तुमच्या भिंतीवरची काजळी मात्र मला वाटतं टोक लांब ठेवल्यामुळे असावी. टोक तांदळाच्या दोन दाण्यांएवढंच बाहेर काढा. आणि वात पुढे सारताना आधी गुल चिमट्याने काढून टाका, नाहीतर तो तेलात पडतो आणि पुढच्या वातीत जाऊन बसतो.

आता कापूस. औषधाच्या दुकानातला कापूस क्षारात उकळून आणि विरंजन करून त्याच्यावरचं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, म्हणून तो पाणी चटकन शोषतो. जखमेसाठी ते बरोबर आहे. आपल्या पावसाळ्यात मला मात्र सरकी काढून पिंजलेला साधा कापूसच बरा वाटतो, कारण त्याच्या मेणाला पाणी नको असतं आणि तेल चालतं. दुसरं काही मिळालं नाही तर औषधाचा कापूस वापरा, पण वाळवून. सावरीचा कापूस कुणी फुकट दिला तरी वातीसाठी घेऊ नका. त्याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत, पीळ धरत नाहीत, आणि पेटला तर भसकन पेटतो.

खरी फसवणूक आहे ती कृत्रिम धाग्याची. एका दुकानातून मी पांढऱ्याशुभ्र, चकचकीत वातींचं पाकीट आणलं होतं. पेटवली तर वात आक्रसत गेली आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. तो पॉलिएस्टर होता, २५० अंशांच्या पुढे तो वितळतो. म्हणून नवं पाकीट आणलं की एक वात कोरडीच चिमट्यात धरून जाळून बघते. कापूस असेल तर जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख राहते, बोटाने चुरडली की उडून जाते.

आमच्या सासूबाई तुळशीसमोरच्या दिव्याला जुन्या पंच्याची चिंधी वळून लावत, आणि ती वाऱ्यातही टिकायची. नवं कापड लावाल तर त्यात खळ असते, ती तेल अडवते. शंभर वेळा धुतलेल्या पंच्यात खळ उरलेली नसते. फक्त हल्लीचे पंचे शुद्ध सुती आहेत का, ते आधी जाळून बघा. काचेच्या धाग्यांची न जळणारी वात मिळते, तीही मी वापरून पाहिली. खाद्यतेलाचा चिकट थर तिच्यात साचतो आणि वात संपत नसल्यामुळे तो थर आतच राहतो. शिवाय बोटांना बारीक कुसळं टोचतात. देवघरातल्या दिव्याला मी ती सुचवणार नाही.

तेलाचंही सांगते, कारण कुठलं वापरता ते तुम्ही लिहिलेलं नाही. खोबरेल आणि तिळाचं तेल पातळ, साध्या जोडवातीला उत्तम. एरंडेल त्याच्या कित्येक पट घट्ट, ते वातीत चढायला वेळ घेतं. एरंडेलच वापरायचं असेल तर वात जाड पण सैल घ्या आणि समई काठोकाठ भरलेली ठेवा, म्हणजे तेलाला फार उंच चढावं लागत नाही. जुनं तेल महिनोन्महिने समईत ठेवू नका. पितळेत ते कळकतं, हिरवा चिकट कीट धरतं, आणि त्याने वात आतून तुंबते.

वात नीट पेटत नाही म्हणून तेलात थोडं रॉकेल घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून घालू नका. खोबरेलाची वाफ पेट घेण्याजोगी व्हायला तेल ३०० अंशांच्या जवळ तापावं लागतं, रॉकेलला ४० अंशांच्या आसपास पुरे होतात. तासभर जळलेल्या समईचं पितळ तेवढं सहज तापतं.

डिसेंबरात पहाटे आणखी एक गंमत दिसेल, तेव्हा वातीला दोष देऊ नका. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि फोंड्याच्या आतल्या गावांत थंडीच्या पहाटे पारा त्याच्याही खाली येतो. वात भिजलेली असते म्हणून पेटते, पण मागचं तेल दगड झालेलं, म्हणून पाच मिनिटांत विझते. पळीभर तेल कोमट करून वातीच्या मुळाशी सोडा, मग पेटवा. पितळ तापलं की बाकीचं तेल आपोआप सुटतं.