सामाजिक उत्तरदायित्वाचे काम नव्याने हाती घेताना

शिरोलीच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सीएसआरचे, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाचे, काम तुमच्याकडे आले, याचा आनंद वाटला. सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा.

पहिली, कायदा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, आदल्या वर्षाचा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा अधिक असल्यास मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. मात्र केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. नवखे इथेच चुकतात (मीही पहिल्या वर्षी कॅन्टीनचे बिल त्यात घुसडले होते).

दुसरी, समोरच्याची अपेक्षा. जर्मन ग्राहक शाळेला दिलेल्या बाकांच्या फोटोंवर समाधान मानणार नाही. तिथे 2023 पासून लागू झालेल्या पुरवठा साखळी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना पुरवठादाराकडील कामगारांचे हक्क आणि सुरक्षितता पाहावी लागते, त्यामुळे तो कंत्राटी कामगारांची हजेरी, भट्टीवरच्या माणसाचे हातमोजे आणि ओतकामाच्या साच्यांतली जळकी वाळू कुठे टाकता, हेच विचारील. गावकऱ्यांना मात्र पंचगंगेला पूर आला तेव्हा कोण धावून आले, एवढेच आठवते. दोन्ही हिशेब वेगळ्या वह्यांत ठेवा.

अहवालांचे आंतरराष्ट्रीय नमुने तूर्त बाजूला राहू द्या. या आठवड्यात वाळूच्या ढिगापाशी उभे राहून ती कोण आणि कुठे नेतो, तेवढे लिहून काढा.