बर्फ नको, निफाडची पहाट लिही

प्रिय,

तुझ्या सातही कवितांत बर्फ पडतो. नाशिकला तो पडत नाही, आणि स्वतःची कबुली देणाऱ्या कवितेत उसनी वस्तू लगेच उघडी पडते. आपली थंडी वेगळी. आकाश निरभ्र, वारा पडलेला, पहाटे निफाडला पारा कधी 5 अंशांच्याही खाली. द्राक्षांची फुगवण थांबते, मणी तडकतात. बागायतदार शेकोट्या पेटवतात, ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असतं. तडकलेला मणी तुझ्या ‘गोठलेल्या मना’पेक्षा जास्त सांगतो.

पानगळही तपास. कडाका मार्गशीर्ष-पौषात, हेमंतात. पानं झडतात शिशिरात, माघ-फाल्गुनात, तेव्हा दुपारी ऊन चटकू लागलेलं असतं. तू दोन्ही एकाच कडव्यात कोंबली आहेस. उन्हात झडणारं पान निराशेला जास्त जवळचं, कारण बाहेरून सगळं ठीक दिसत असतं.

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथचा मृत्यू सगळ्यांना ठाऊक असतो. तू तिची कारागिरी बघ. मधमाश्यांच्या हिवाळ्यावरची तिची कविता 1962 च्या ऑक्टोबरातली, म्हणजे इंग्लंडातला त्या हिवाळ्याचा कडाका पडायच्या आधीची. तिच्यात तळघर आहे, मधाच्या सहा बरण्या आहेत, माश्या जगाव्यात म्हणून दिलेला पाक आहे. ‘एरियल’ या संग्रहासाठी तिने स्वतः क्रम लावलेल्या हस्तलिखितात हीच कविता शेवटी होती, आणि तिचा शेवट वसंताशी होतो. 1965 च्या छापील संग्रहात तो क्रम राहिला नाही.

आता काम. खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेव. मग ‘एकटेपणा’, ‘पोकळी’, ‘अंधार’ यांखाली रेघा मार. वीस ओळींत असा एकच शब्द राहू दे. पहिल्या ओळीपासून हुडहुडी भरली तर पाचव्या ओळीला वाचक बधिर होतो, म्हणून कुठेतरी ऊब हवी. हात शेकल्यावरच पाठ गार असल्याचं कळतं. एकटेपणालाही हाकेच्या अंतरावर माणसं लागतात: भिंतीपलीकडची कुकरची शिट्टी, जिन्यात थांबलेली पावलं.

पाचव्या कवितेच्या शेवटच्या तीन ओळींवर मात्र मी काहीच खुणा केलेल्या नाहीत. त्या कवितेतल्या ‘मी’च्या नसून तुझ्या असतील, तर 14416 वर टेली-मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. किंवा मला कर, रात्री कितीही वाजता. खर्डे नंतर बघू.