अपडेट अडकलं म्हणून लगेच फॉरमॅट नको: विंडोज ११ बद्दल वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून या सदराकडे एकच विषय सारखा येतोय, विंडोज ११ टाकायला गेलो आणि मधेच अडकलं. बऱ्याच जणांच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्यही तेच असतं, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. म्हणून यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत. कधीकधी फॉरमॅट खरंच लागतो, पण तो बाकीचं सगळं करून झाल्यावर. आणि एक विनंती सगळ्यांनाच, खाली दिलेलं काहीही करायच्या आधी फोटो, कागदपत्रं, हिशोबाच्या फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. त्याच लॅपटॉपच्या डी ड्राईव्हवर ठेवलेली कॉपी धरू नका, डिस्क गेली तर सी आणि डी दोन्ही सोबतच जातात.

प्रश्न: मी बार्शीला शिक्षिका आहे. लॅपटॉपवर शाळेचे निकाल, विद्यार्थ्यांची माहिती सगळं आहे. विंडोज ११ चं अपडेट बरंच पुढं जातं, लॅपटॉप रिस्टार्ट होतो, मग "अनडूइंग चेंजेस" असं येतं आणि परत विंडोज १० च सुरू होतं. ०एक्स-सी१९००१०१ असा कोड दिसला. दुकानात सांगितलं फॉरमॅटशिवाय होणार नाही. काय करू?

ताई, आधी हे सांगते की तुमचा डेटा कुठेही गेलेला नाही. अपडेट फसलं की विंडोज स्वतःहून मागं फिरतं आणि जुनी सिस्टीम परत लावून देतं, "अनडूइंग" म्हणजे तेच चाललेलं असतं, त्यामुळे त्यावेळी घाबरून पॉवरचं बटण दाबू नका, कितीही वेळ लागला तरी होऊ द्या.

आता तो कोड. सी१९००१०१ आला की बहुतेक वेळा भानगड ड्रायव्हरची असते, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, प्रिंटर वगैरे चालवणारा कुठला तरी जुना ड्रायव्हर नव्या विंडोजशी जुळत नाही. या कोडच्या पुढं अजून एक तुकडा असतो, तो पण लिहून ठेवत जा, कारण गाडी कुठं थांबली ते तो सांगतो. २ ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ २००१७, तर अगदी सुरुवातीच्या रिस्टार्टलाच अडकलंय. ३ ने सुरू म्हणजे नवीन विंडोज पहिल्यांदा चालू होताना आणि ४ ने सुरू म्हणजे त्याच्या पुढच्या बूटला, तुमची माहिती नव्या सिस्टीममधे नेताना.

करायचं असं. लॅपटॉपला लावलेलं सगळं काढा, प्रिंटर, पेन ड्राईव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क, डिजिटल सहीचा टोकन, सगळं. फक्त चार्जर राहू द्या. वेगळा अँटिव्हायरस घेतला असेल तर नुसता बंद करून भागत नाही, अनइन्स्टॉल करा, तोपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर काम बघतो आणि नंतर तुम्ही अँटिव्हायरस परत टाकू शकता. मग लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्या वेबसाईटवर तुमचं मॉडेल शोधून बायॉस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर), चिपसेट, स्टोरेज, ग्राफिक्स आणि वायफाय यांचे नवे ड्रायव्हर टाका. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर फिरत असतात, ती कृपा करून टाकू नका, त्यांनी नवीनच घोळ होतात.

एवढ्यानं झालं नाही तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझमची (विंडोजची स्वतःची दुरुस्तीची सोय) रिस्टोअरहेल्थवाली कमांड चालवा आणि ती पूर्ण झाली की एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाईली तपासून बदलणारी कमांड. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाईली उचलतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं, साठा खराब असताना एसएफसी चालवून फारसं हाती लागत नाही.

आणि एक चांगली सोय बहुतेकांना माहीतच नाही. अपडेट फसलं की सेटअपडायग नावाचं एक टूल आपोआप चालतं आणि कारण लिहून ठेवतं. सी ड्राईव्ह, विंडोज, लॉग्ज, सेटअपडायग असं आत जा, तिथं रिझल्ट्सची एक फाईल असेल ती नोटपॅडमधे उघडा. दिसायला किचकट आहे पण बऱ्याचदा नडणाऱ्या ड्रायव्हरचं किंवा प्रोग्रॅमचं नाव त्यात सरळ लिहिलेलं सापडतं. तेवढं एक काढलं की काम झालं. दुकानात जायचंच असेल तर ही फाईल पेन ड्राईव्हवर घेऊन जा आणि आधी ही बघा म्हणा.

प्रश्न: जळगावला दुकान आहे. कॉम्प्युटर २०१९ मधे असेंबल करून घेतला, आय५ नववी जनरेशन, ८ जीबी रॅम. तरी "धिस पीसी कान्ट रन विंडोज ११" येतं, टीपीएम नाही म्हणतं. नवीन मशीन घ्यावी लागेल का?

नाही दादा, अजिबात नको. इंटेलची आठवी जनरेशन आणि त्यापुढचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालतात, तुमचा नववा आहे. टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारा भाग, आणि तुमच्या प्रोसेसरसोबत तो आलेलाच असतो, फक्त असेंबल केलेल्या मशीनमधे बायॉसमधे बंद असतो. इंटेलवाल्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. बायॉसमधे जाऊन तो चालू करायचा आणि विंडोजमधे परत येऊन रन (विंडोज आणि आर बटणं सोबत दाबली की उघडणारी चौकट) मधे टीपीएम डॉट एमएससी टाईप करून बघायचं, व्हर्जन २.० दिसलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं जरा नाजूक आहे म्हणून नीट वाचा. विंडोज ११ ला युईएफआय (बायॉसची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. रन मधे एमएसइन्फो३२ टाका, तिथं बायॉस मोडपुढं "लेगसी" लिहिलं असेल तर तुमची डिस्क बहुतेक जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. अशावेळी बायॉसमधे जाऊन सरळ युईएफआय करून टाकलं तर मशीन बूटच होत नाही आणि माणसाला वाटतं सगळं गेलं. (तसं झालंच तर बायॉसमधे परत लेगसी करा, सुरू होतं.) आधी डिस्क बदलायची, मग बायॉस. डिस्कसाठी विंडोजमधेच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे, ती डेटा न पुसता डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करते. पहिल्यांदा व्हॅलिडेट लावून नुसती तपासणी करा, त्यात काहीच बदलत नाही. पास झालं तरच कन्व्हर्ट. दोन्ही वेळा शेवटी अलाऊफुलओएस हा शब्द जोडावा लागतो, नाहीतर चालू विंडोजमधून ती चालत नाही.

आपल्याकडची नेहमीची अडचण इथंच येते. असेंबल करणारे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे तुकडे करून देतात आणि डी आणि त्यापुढचे तुकडे बऱ्याचदा लॉजिकल पार्टिशन असतात, म्हणजे एका मोठ्या तुकड्याच्या आत केलेले तुकडे. ही कमांड लॉजिकल पार्टिशन असलेली डिस्क घेतच नाही, आणि प्रायमरी पार्टिशन, म्हणजे सरळ डिस्कवरच केलेले तुकडे, तेही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे व्हॅलिडेट फेल झालं तर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा, तिथं लॉजिकल पार्टिशन वेगळ्या रंगात दिसतात. तसं असेल तर डी, ई, एफमधला सगळा माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्या, दोन-चार फाईली उघडून कॉपी नीट झाली का ते बघा, आणि मगच ते तुकडे काढून टाका. सी ला हात लावायचा नाही. मग परत व्हॅलिडेट, कन्व्हर्ट, बायॉसमधे युईएफआय, सिक्युअर बूट चालू, आणि शेवटी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक अ‍ॅप चालवून हिरवी खूण बघा. दुकानाचा हिशोब आहे तर हे रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी करा, गिऱ्हाईक समोर असताना नको.

प्रश्न: रत्नागिरीहून लिहितोय, मी निवृत्त आहे. २०१४ चा लॅपटॉप आहे, चौथी जनरेशन. शेजारचा मुलगा म्हणतो एक ट्रिक वापरून विंडोज ११ टाकून देतो. टाकू द्यावं का? बँकेचं काम यावरच करतो.

काका, नका टाकू. तशा ट्रिका आहेत आणि काही मशीनवर चालतातही, पण असं टाकलेल्या मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, ते प्रत्येक वेळी त्या मुलालाच बोलावून हातानं टाकावं लागेल. बँकेचं काम करणाऱ्या माणसानं हमी नसलेल्या अपडेटवर विसंबून राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासाठी दुसरा रस्ता आहे. विंडोज १० लाच सुरक्षेची अपडेट पुढं चालू ठेवायची ईएसयू नावाची योजना आहे, घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करून विंडोज बॅकअपमधून सेटिंग सिंक केलं तर पैसे पडत नाहीत. मशीनवर विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं. सेटिंगमधे विंडोज अपडेट उघडलं की नाव नोंदवायची लिंक दिसते. त्या मुलाला ट्रिकपेक्षा हे करून द्यायला सांगा. मधल्या काळात त्याच्याकडूनच लिनक्स मिंट पेन ड्राईव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता बघता येतं, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर बरं चालतं, ब्राउझर आहे, मराठी टायपिंग आहे. आवडलं तर पुढं विचार करा.

प्रश्न: मी चंद्रपूरला हॉस्टेलवर राहतो. वायफाय नाही, रोजचा दीड जीबी नेट. मित्राकडून विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची एकच मोठी फाईल) आणायला गेलो तर पेन ड्राईव्ह ३२ जीबीचा असून "फाईल टू लार्ज" म्हणतो!

मित्रा, पेन ड्राईव्ह खराब नाहीये. तो फॅट३२ मधे फॉरमॅट केलेला असणार आणि फॅट३२ ला ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल घेता येत नाही, विंडोज ११ ची आयएसओ त्यापेक्षा मोठी आहे. पेन ड्राईव्हमधलं काही हवं असेल तर काढून घे आणि एक्सफॅट किंवा एनटीएफएस मधे फॉरमॅट कर. इथं मात्र फॉरमॅट बिनधास्त!

आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साईटवरूनच उतरवलेली घे, टेलिग्रामवरची नको. लॅपटॉपवर आणल्यावर तिच्यावर डबल क्लिक कर, ती ड्राईव्हसारखी उघडेल, आतलं सेटअप चालव. अपडेट डाउनलोड करू का असं विचारलं तर आत्ता नको म्हण म्हणजे तुझा दीड जीबी वाचेल. मग "कीप पर्सनल फाईल्स अँड अ‍ॅप्स" निवडलेलं आहे का ते बघ. तो पर्याय फिकट दिसत असेल तर तिथंच थांब, पुढं जाऊ नकोस, कारण त्यापुढं गेलास तर तुझे सगळे प्रोग्रॅम जातील. याचं सगळ्यात नेहमीचं कारण भाषा. डाउनलोड करताना इंग्लिश युनायटेड स्टेट्स आणि इंग्लिश इंटरनॅशनल असे दोन वेगळे पर्याय असतात, इंटरनॅशनल म्हणजे युकेवालं इंग्लिश, आणि तुझं आत्ताचं विंडोज ज्यात आहे तीच आयएसओ लागते. मित्राकडं परत चक्कर मारायची नसेल तर आणायच्या आधीच हे बघून जा.

प्रश्न: अपडेटसाठी बायॉसमधे काही बदल केले आणि आता निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतंय. मी तर कधी पासवर्ड ठेवलाच नव्हता. (पिंपरी)

हे बिटलॉकर आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट होते, म्हणजे तिला कुलूप लागतं, आणि की त्याच अकाउंटमधे जाऊन बसते. मोबाईलवरून त्या अकाउंटमधे लॉगिन करा, डिव्हायसेसमधे बिटलॉकर की दिसेल, स्क्रीनवरचा की आयडी जुळवून तीच टाका. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अकाउंटनं लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला असेल तर त्यांचंही बघा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांकडं असते. की शिवाय उघडून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. बाकीच्यांनी बायॉसला हात लावायच्या आधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा आणि की कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: ०एक्स-८००७००७०, सी ड्राईव्ह लाल. (नाशिक)

जागा नाही एवढाच अर्थ. डाउनलोड्स आणि रिसायकल बिन रिकामे करा, डिस्क क्लीनअपमधे "क्लीन अप सिस्टीम फाईल्स" चालवा, व्हिडिओ बाहेर हलवा, २५-३० जीबी मोकळे झाले की परत लावा.

प्रश्न: कोल्हापूरला डीटीपीचं काम करतो. अपडेट होत नव्हतं म्हणून एका ठिकाणी विंडोज ११ नव्यानं टाकून घेतलं. आता जुन्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सगळ्या फाईली खराब झाल्या का? सीझन तोंडावर आलाय.

नाही झाल्या, एकही खराब झालेली नाही. जुने मराठी फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) नव्हते, त्यात फाईलमधे आत इंग्रजीचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. नव्यानं विंडोज टाकताना फॉन्ट गेले म्हणून आतलं दिसायला लागलं. फॉन्ट परत टाकले की पत्रिका होती तशी दिसेल. तोपर्यंत त्या फाईली नुसत्या बघा, सेव्ह करू नका, आणि प्रोग्रॅमनं दुसरा फॉन्ट लावू का विचारलं तर नाही म्हणा.

आता घाई करायची ती एका गोष्टीची. सी ड्राईव्हमधे विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर आहे का बघा. टाकणाऱ्यानं सी पुसला नसेल तर ते असतं आणि त्याच्या आत विंडोज, फॉन्ट्स मधे तुमचे सगळे जुने फॉन्ट मिळतील. तिथं नसतील तर त्याच फोल्डरमधे युजर्स, तुमचं नाव, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असं आत शोधा, अ‍ॅपडेटा लपलेलं असतं, हिडन फाईल्स दाखवा. हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकतं, म्हणून आजच पूर्ण कॉपी करून घ्या, उद्यावर ठेवू नका. सी पुसलेलाच असेल तर ज्या सॉफ्टवेअरसोबत ते फॉन्ट आले होते त्याची सीडी किंवा लायसन्स काढा, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावा लागणारा यूएसबी तुकडा) असेल तर आधी त्याचा विंडोज ११ चा ड्रायव्हर त्या कंपनीकडून मागवा आणि मग टाका. आणि फाईल कुठल्या फॉन्टमधे आहे हे नाव तुमच्या प्रोग्रॅमच्या फॉन्टच्या यादीत अजून दिसत असेल, ते तसंच्या तसं लिहून घ्या, एकाच कंपनीच्या दोन मालिकांचे कोडही वेगळे असू शकतात, त्यामुळे जवळपासचा फॉन्ट चालत नाही, नेमका तोच लागतो.