मे महिन्यात सेंट मॉरिट्झ: पास घेण्याआधी केबलकारच्या तारखा बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मेचा शेवटचा आठवडा, सेंट मॉरिट्झला चार रात्री, सोबत साठी ओलांडलेले आईबाबा, गुडघे कुरकुरतात पण चालायची हौस दांडगी, तळ्यांच्या काठाने रोज एक छान दिवसभराची वाट हवी आहे. आणि एजंट म्हणतोय, "सगळ्या केबलकार पासमध्ये आहेत, वर जा आणि आरामात चालत खाली या." हे वाक्य आम्हीही जवळजवळ याच शब्दांत ऐकलं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. व्हिसा, विमा, बूट यांवर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देते.

तुम्ही जी जागा निवडलीय ती म्हणजे स्वित्झर्लंडमधलं वरचं एंगाडिन खोरं. तिथल्या बहुतेक केबलकार, चेअरलिफ्ट आणि फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी डोंगरी रेल्वे) मे महिन्यात बंद असतात. स्कीइंगचा हंगाम एप्रिलमध्ये, काही ठिकाणी मेच्या सुरुवातीला संपतो. मग दोर, चाकं, ब्रेक यांची वार्षिक तपासणी निघते आणि जूनमध्ये एकेक करून गाड्या परत सुरू होतात, काही तर जून निम्मा सरल्यावर. मधल्या काळात बरीच हॉटेलं आणि उपाहारगृहंही कुलूप लावून सुट्टीवर जातात. आपल्याकडच्या शाळांची उन्हाळी सुट्टी बरोबर याच फटीत येते. युंगफ्राउयोख या प्रसिद्ध बर्फाळ खिंडीची रेल्वे वर्षभर चालते, आणि आपल्याकडून जाणारे बहुतेक जण तिकडेच जातात. त्यामुळे इथल्या विक्रेत्यांचा समज असा की स्वित्झर्लंड म्हणजे सगळीकडे तसंच.

आमचं काय झालं ते सांगते. पुण्यातलं एक कार्यालय होतं, नाव घेत नाही. सासूबाई सोबत असल्यामुळे मी तीनतीनदा विचारलं होतं की मुओटास मुराल्य या डोंगरमाथ्यावर जाणारी फ्युनिक्युलर चालू असेल ना, कारण चढ टाळून उंचावरून तळी दाखवायला त्याहून सोपी जागा नाही. दर वेळी उत्तर एकच: "मॅडम, पासमध्ये आहे." पुंट मुराल्यच्या खालच्या स्थानकावर पोचलो तर फाटक बंद. काचेवर जर्मनमध्ये छापलेला कागद, त्यावर बंद असण्याच्या दोन तारखा ठळक अक्षरांत. आत रुळांपाशी नारिंगी जाकिटातली दोन माणसं हातात ग्रीसचा डबा घेऊन काम करत होती. त्यातल्या एकाने आमच्याकडे बघून बोटांनी दोन आठवडे अशी खूण केली आणि कामाला लागला. आकाश निळंशार, ऊन इतकं कडक की सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. आणि वर, झाडांची रेघ संपते तिथून पुढे, सगळा डोंगर पांढरा.

कार्यालयाला फोन केला. पलीकडून, "तिकडे हवामान खराब असेल." परत आल्यावर लेखी तक्रार केली तर उत्तर आलं की नैसर्गिक कारणाने सेवा बंद असल्यास परतावा मिळत नाही. आम्ही त्या कागदाचा फोटो पाठवला. तपासणीच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात, त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. यात निसर्गाचा संबंध कुठे आला? त्यावर उत्तरच नाही. महागडा पास, परत न मिळणारं हॉटेल, आणि एका वयस्कर बाईची वर्षभर मनात धरलेली इच्छा. पैशांपेक्षा मला त्या शेवटच्या गोष्टीचा राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही. पाच मिनिटं संगणकावर बघून "मेमध्ये जाऊ नका, तिकडे उशिरा जा" असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याच कार्यालयाकडून सप्टेंबरची सहल घेतली असती.

पासबद्दल दोन शब्द. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, पिवळी पोस्टबस, सरोवरांतल्या बऱ्याच बोटी येतात. डोंगरावरच्या केबलकारवर मात्र बहुतेक ठिकाणी निम्म्या तिकिटाची सवलत असते, पूर्ण फुकट अशा मोजक्याच. तेव्हा "पासमध्ये आहे" याचा अर्थ तिथेच विचारून घ्या. एंगाडिनमधली काही हॉटेलं उन्हाळ्यात एकाहून जास्त रात्री राहिल्यास केबलकारचं तिकीट खोलीभाड्यात देतात. चालू अट थेट हॉटेलला ईमेल करून विचारा. आणि एजंटकडून प्रत्येक केबलकारचं नाव आणि तुमच्या तारखेला ती चालू आहे की नाही हे लेखी मागा. तोंडी आश्वासन घेऊन पैसे भरू नका.

आता तुम्ही म्हणाल, केबलकार नाही तर पायी चढू. मेमध्ये नका चढू, निदान आईबाबांना घेऊन तर नाहीच. एंगाडिनची जाहिरात कायम उन्हाची असते आणि ती खोटी नाही. दोन्ही बाजूंच्या रांगा पाऊस अडवतात, त्यामुळे खोरं कोरडं आणि लख्ख असतं. पण ऊन आहे म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही. फुओर्क्ला सुरलेयची खिंड २७५५ मीटरवर आहे, तिथे जून उजाडला तरी बर्फ असतो. सकाळी घट्ट असलेला बर्फ दुपारच्या उन्हात भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि उतारांवरून ओला बर्फ घसरतो. २०२४च्या एप्रिलमध्ये तर पिझ शेरशेन या शिखरावरून प्रचंड दरड रोझेग खोऱ्यात कोसळली होती. मी काही गिर्यारोहणातली तज्ज्ञ नाही, सह्याद्रीत चालणारी साधी बाई आहे. वाटेवर बंदची पाटी दिसली की मागे फिरायचं, एवढं मात्र आग्रहाने सांगेन.

तारखा बदलणं शक्यच नसेल तर खालच्या वाटा घ्या. त्याही सुंदर आहेत. सेंट मॉरिट्झच्या तळ्याची फेरी सव्वा-दीड तासाची, जवळजवळ सपाट. तिथून लार्च या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून लेय दा श्टात्स या छोट्या तळ्यापर्यंत जाता येतं. पण माझ्या मते अख्ख्या खोऱ्यातली सर्वांत देखणी सोपी वाट मालोया ते सिल्स, सिल्स तळ्याच्या दक्षिण काठाने, इसोला या चार घरांच्या वस्तीवरून. साधारण सात किलोमीटर, थांबत थांबत तीन तास. ही वाट मालोयाकडूनच सुरू करा, कारण तिथला वारा. एरवी डोंगरी खोऱ्यांत दिवसा वारा खालून वर वाहतो. इथे उलटं घडतं: मालोयाच्या पलीकडे ब्रेगालिया खोरं एकदम खोल उतरतं, तिकडची तापलेली हवा खिंड ओलांडून इकडे घुसते आणि दुपारी तळ्यांवरून खाली सुटते. सकाळी नऊला पाणी आरशासारखं, दुपारी दोनला त्यावर पांढरे फेसाळ शेंडे. सिल्सकडून निघालात तर तो सगळा वारा तोंडावर घ्यावा लागतो. सिल्सच्या टोकाला शास्ते नावाचं झाडीचं द्वीपकल्प आहे, तिथे बाक आहेत, आईबाबांना निवांत बसता येईल. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे ज्या घरात १८८१ आणि पुढे १८८३ ते १८८८ असे उन्हाळे राहिला ते घर सिल्स मारियातच आहे, आता संग्रहालय आहे. आत जायचं असेल तर उघडण्याचे दिवस आधी बघा.

आणि एक दिवस खोऱ्याबाहेर काढा. सेंट मॉरिट्झहून बर्निना मार्गाची गाडी २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बर्निना स्थानकावरून जाते, मेमध्ये तिथे अजून हिवाळा असतो. तीच गाडी पुढे पोस्कियावो खोऱ्यात हजार मीटरच्या खाली उतरते. तिथल्या तळ्याकाठी ले प्रेसे ते मिरालागो ही तासाभराची वाट चाला. स्वेटर पिशवीत जाईल. या मार्गासाठी काचेच्या छताच्या एक्स्प्रेस गाडीचा आग्रह धरू नका. तिला आरक्षण आणि वेगळं शुल्क लागतं, साधी लोकल त्याच रुळांवरून जाते आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. काही छोट्या स्थानकांवर गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही, दाराजवळचं बटण वेळेत दाबा. दुसरा पर्याय सोल्यो: मालोयाच्या पलीकडे, पोस्टबसने, सुमारे ११०० मीटरवरचं दगडी छपरांचं गाव. समोर शिओराची सुळक्यांची रांग, खाली चेस्टनटची बाग. तिथून पायी खाली उतरायला सुचवणारे भेटतील, पण गुडघ्यांचा विचार करून बसनेच परत या.

तारखा हलवता येत असतील तर मात्र सप्टेंबर. आईबाबा निवृत्त आहेत असं तुम्ही लिहिलंय, मग शाळेच्या सुट्टीचं बंधन निदान त्यांना तरी नाही. तेव्हा मुओटास मुराल्य, २४५६ मीटर, फ्युनिक्युलरने वर. तिथून खालच्या चारही तळ्यांची माळ एका नजरेत येते. ज्यांना चालायचंय त्यांनी आल्प लांगुआर्दपर्यंतची पॅनोरमा वाट धरावी, सुमारे सात किलोमीटर, मोठा चढ नाही, शेवटी चेअरलिफ्टने पोन्त्रेझिनात उतरायचं. दमदार मंडळींनी २७३१ मीटरवरच्या सेगांतिनी झोपडीवरून जावं. चित्रकार जोव्हान्नी सेगांतिनी १८९९ मध्ये तिथेच, चित्र रंगवायला गेलेला असताना वारला. कोर्वाच केबलकारच्या मधल्या स्थानकावरून फुओर्क्ला सुरलेय आणि खाली रोझेग खोरं ही वाट सर्वांत भव्य आहे, पण खाली उतरणं साडेसातशे मीटरचं. ते आईबाबांसाठी नाही, तुम्ही दोघांनी करा. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लार्चची झाडं सोनेरी होतात. दसऱ्याच्या आसपास जमलं तर तेही बघा, मात्र महिन्याच्या उत्तरार्धात केबलकार पुन्हा बंद व्हायला लागतात.

पिवळ्या पाट्यांवरची वेळ विश्रांती सोडून असते आणि तिथल्या लोकांच्या चालीची असते, आपण दीडपट धरावी. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, पांढऱ्या-निळ्याच्या वाटेला जाऊच नका. स्विसटोपोचं नकाशाचं ॲप फुकट आहे, पुण्यातूनच उतरवून घ्या. शाकाहारी असाल तर बार्लीचं सूप मागवताना आत मांस आहे का ते विचारा, बऱ्याचदा असतं. मेमध्ये दुपारचं जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. थेपले, सुकी चटणी आणि सुपरमार्केटमधलं दही एवढं पिशवीत असू द्या.

मुक्काम अजून ठरला नसेल तर सेंट मॉरिट्झऐवजी सिल्स मारिया किंवा पोन्त्रेझिना बघा. सिल्समधून तळ्याची वाट दारातच सुरू होते, पोन्त्रेझिनात बर्निनाची गाडी मिळते. फक्त मेमध्ये जाणार असाल तर हॉटेलला आधी विचारा की ते स्वतः उघडं आहे का आणि स्वयंपाकघर चालू आहे का. एजंटचं लेखी उत्तर आलं की इथे टाका, तारखा मीही पडताळून बघेन.