"आमच्यात हे हराम आहे मॅम, मग तिच्या मनात येईलच कसं?"

परवा एका आईने विचारलं, मुलगी गप्प गप्प असते, मध्येच जगून काय करायचं म्हणते, पण आत्महत्येचा विचार येतो का असं मी सरळ विचारलं तर उलट तिच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल का? हा प्रश्न महिन्यातून चारदा तरी येतो, म्हणून एक जुनी केस सांगते. ओळख लागू नये इतके तपशील बदललेत.

पुण्यात शिकणारा काश्मिरी मुलगा, दक्षिणेकडच्या सफरचंदाच्या पट्ट्यातला. आला झोप येत नाही म्हणून, तिसऱ्या सेशनला कळलं की काळजी गावाकडच्या बहिणीची आहे. तिचं लग्न ठरून मोडलेलं, संध्याकाळी सगळे नून चायला, म्हणजे तिकडच्या खारट चहाला, बसतात तिथे ती येत नाही, आणि लग्नासाठी घेतलेली शाल तिने चुलतबहिणीला देऊन टाकली. शालीचं ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला, जवळच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते.

म्हटलं, मरावंसं वाटतं का असं विचारलंस तिला? तो ताठच झाला. मॅम, ती पाच वेळा नमाज पढते, कुराणातच आहे स्वतःला मारू नका म्हणून. मी विचारलं, त्याच्या पुढे काय आहे? थोडा थांबला, मग हळू म्हणाला, अल्लाह तुमच्यावर मेहरबान आहे.

धर्माची बंदी खूप जणांना खरंच थोपवते, मुस्लिमबहुल भागांत आत्महत्यांचे आकडे कमी दिसतात त्याचं हे एक कारण आहेच. पण त्याच बंदीमुळे तोंडंही बंद होतात, गेलेल्या माणसाचं घरचे हार्ट अटॅक म्हणून सांगतात आणि आकडा अजून कमी दिसतो. दुःख मात्र कमी नसतं. 2015 च्या एका मोठ्या सर्व्हेत काश्मीर खोऱ्यातल्या जवळपास 45 टक्के प्रौढांमध्ये, म्हणजे साधारण 18 लाख लोकांमध्ये, मानसिक त्रासाची लक्षणं सापडली होती, त्यातले नमाजी किती हे कुणी मोजायची गरज नाही.

आणि विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. फक्त "तसलं काही नाही ना तुझ्या मनात?" असं नका विचारू, त्याला उत्तर "नाही"च येतं.

त्याने माझ्यासमोर बसूनच फोन लावला. काश्मिरीतलं मला काही कळलं नाही, पण मधली शांतता इतकी लांबली की मला वाटलं फोन कट झाला, आणि मग हा रडायला लागला. ती "हो" म्हणाली होती.

पहिलं काम बागेच्या फवारणीच्या औषधांचं. खेड्यांत जीव जातो तो पुष्कळदा हाताशी असलेल्या औषधामुळे, आणि ही लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताला काही लागलं नाही तर माणूस वाचतो. म्हणून औषधांच्या खोलीला कुलूप आणि किल्ली शेजारच्या चाचांकडे. रात्री ती आईजवळ झोपायला लागली, 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर फोनमध्ये सेव्ह केला, चोवीस तास चालतो, फुकट आहे. वडिलांना पोलीस केसची भीती, त्यांना सांगितलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसालाही शिक्षा नाही, मदत द्यायची असते. मग ते तयार झाले.

त्याच आठवड्यात तिला श्रीनगरला सायकियाट्रिस्टकडे नेलं. आईने नातेवाइकांना सांगितलं, थायरॉईड दाखवायला चाललोय. मी म्हटलं, चालेल, थायरॉईड तर थायरॉईड, पण पुढची तारीख चुकवू नका.